चाल ओळखीची, चेहरा पांढरा

बावीस सेकंदांचं चित्रण आहे ते. फाट्यावरच्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानापुढचं अंगण. कोपऱ्यात वेळ उमटलेली, रात्रीचे दोन वाजून अकरा मिनिटं. सगळं राखाडी: जळालेल्या पाणबुडी मोटारींची रांग, पत्र्याला टेकवलेले पाइप, शटरखालचा उंबरा. उजवीकडून कोळ्याच्या जाळ्याचा एक धागा आडवा आलाय. वाऱ्यानं हलतोय आणि कॅमेऱ्याच्या प्रकाशात सुतळीएवढा जाड, पांढराशुभ्र दिसतोय. मग खांद्यावर टॉवेल टाकलेला एक माणूस आत येतो. शटरशी वाकतो, बराच वेळ वाकलेलाच राहतो. चित्रण तुटून पुन्हा सुरू होतं तेव्हा तो तांब्याच्या तारेची रिळं पोत्यात घालून परत निघालेला असतो. कॅमेऱ्याच्या अगदी खाली आल्यावर तो मान वर करून थेट बघतो. तिथं चेहरा असायला हवा होता, पण आहे फक्त पांढरा डाग. नाक, डोळे, मिशी, काहीच नाही. त्याच्या पायाशी दुकानातलं कुत्रं शेपूट हलवत उभं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या आत हे चित्रण गावातल्या प्रत्येक मोबाइलवर होतं. "चाल बघा की," लोक म्हणत होते. "डावा पाय कसा टाकतोय बघा." तीन माणसांनी तीन नावं घेतली. चौथ्यानं कुत्र्याच्या शेपटीवरून निष्कर्ष काढला, की माणूस रोजच्या येण्याजाण्यातला आहे. संध्याकाळपर्यंत त्या तिघांपैकी एकानं चहाच्या टपरीवर येणं बंद केलं होतं.

कॅमेरा चालू होता, हीच गोष्ट डोक्यातून जात नाही. खोक्यावर छापलेले पाच मेगापिक्सेल खरे होते आणि 'नाइट व्हिजन तीस मीटर' हेही खोटं नव्हतं. चित्रण साठवणाऱ्या डीव्हीआरमध्ये जागा होती, त्या रात्री वीजही होती. सगळं शाबूत असताना त्यातून निघाला तो नुसता संशय, आणि तोही अंगाला चिकटेल एवढाच. शहरातल्या सोसायटीत असा अस्पष्ट माणूस 'कोणीतरी' राहतो. गावात 'कोणीतरी' असा माणूसच नसतो. प्रत्येक आकृतीला कुणीतरी नाव देतंच. म्हणून गावाकडच्या घरासाठी, गोठ्यासाठी, वर्कशॉपसाठी कॅमेरा निवडताना मला चोर सापडण्याइतकीच दुसऱ्या गोष्टीची काळजी वाटते: ज्यानं काही केलेलं नाही, तो माणूस त्या चित्रामुळं सुटला पाहिजे.

या कामासाठी एक आंतरराष्ट्रीय प्रमाणक आहे, आयईसी ६२६७६-४. त्याच्या २०१४ च्या आवृत्तीत चित्राचा उपयोग पायऱ्यांनी मांडला होता, आणि माप होतं एका मीटर रुंदीत किती पिक्सेल पडतात ते. माणूस आहे एवढं कळायला मीटरमागं २५ पिक्सेल पुरतात. आधीपासून माहितीतला माणूस 'हा तोच' असं म्हणायला १२५ लागतात. अनोळखी माणसाची ओळख शंकेला जागा न ठेवता पटवायची तर २५०. चेहरा साधारण सोळा सेंटिमीटर रुंद असतो. म्हणजे २५० ला त्याच्या वाट्याला ४० पिक्सेल येतात आणि १२५ ला वीस. गावातलं बहुतेक चित्रण या दोन आकड्यांच्या मध्ये किंवा त्याखाली अडकलेलं असतं. पाहणाऱ्याला माणूस ओळखीचा वाटतो आणि राहिलेलं चित्र तो मनानं भरून काढतो.

दुकानातला तो कॅमेरा २.८ मिलिमीटरच्या लेन्सचा होता. दुकानदार सहसा तोच देतो, कारण त्यात सगळं अंगण मावतं आणि बसवल्याबरोबर मोबाइलवर बघून गिऱ्हाईक खूश होतं. ही लेन्स सुमारे शंभर अंश पसरट बघते. अकरा मीटरवरच्या शटरपाशी ती सव्वीस मीटर रुंदीचं दृश्य गोळा करत होती. पाच मेगापिक्सेलच्या चित्राची रुंदी अडीच हजार पिक्सेलच्या आसपास. भागाकार केला तर मीटरमागं शंभरही नाहीत. शटरपाशी वाकलेल्या त्या माणसाच्या चेहऱ्याच्या वाट्याला सोळाच पिक्सेल आले होते. ४ मिलिमीटरची लेन्स ऐंशी अंशांच्या आसपास बघते, ६ ची पन्नास, १२ ची पंचवीस. सेन्सरच्या, म्हणजे चित्र टिपणाऱ्या चिपच्या, मापानुसार यात थोडं पुढंमागं होतं. आकडा वाढला की दृश्य अरुंद होतं आणि माणूस मोठा दिसतो. आपल्याकडं मात्र 'जास्त दिसतं' म्हणजे चांगलं, असं समजून नेमकी उलटी लेन्स घेतली जाते.

हिशोब टेप घेऊन करायचा, तोही खरेदीच्या आधी. अंगणात एक जागा अशी शोधायची, की आत येणाऱ्याला तिथून जावंच लागेल: फाटकाची चौकट, शटरसमोरची फरशी, गोठ्याच्या कुडातली वाट. तिथं चेहरा हवा असेल, तर चित्राची रुंदी दोन मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात साडेसात मीटरच्या आत आणि चार मेगापिक्सेलच्यात दहा मीटरच्या आत हवी. हे दिवसाचं झालं. रात्री चित्रात दाणे येतात, कडा विरघळतात. म्हणून मी दोन्ही आकडे निम्मे धरतो. चार मेगापिक्सेल आणि ६ ची लेन्स असेल तर पाच मीटरवरचा माणूस रात्रीही हाती लागतो. अंगणभर नजर ठेवायला पसरट लेन्सचा दुसरा कॅमेरा खुशाल लावावा. त्याचं काम वेगळं आहे: माणूस कुठून आला, किती जण होते, गाडी कुठल्या बाजूला गेली. एकाच कॅमेऱ्याकडून दोन्ही कामं होत नाहीत.

उंचीचंही असंच आहे. कुणाचा हात पोचू नये म्हणून कॅमेरा पत्र्याच्या आढ्याखाली, साडेचार मीटरवर ठोकतात. तिथून टोपी दिसते, टॉवेल दिसतो, टक्कल दिसतं. चेहऱ्याचा कॅमेरा सव्वादोन ते अडीच मीटरवर हवा, जरा बाजूला, चौकटीच्या किंवा खांबाच्या आडोशानं. तो तोडतील ही भीती खरी आहे. पण तोडायला येणाऱ्याचा चेहरा आधी त्यात उमटलेला असतो, आणि वरचा पसरट कॅमेरा तोडताना त्याला बघत असतो.

मग तो पांढरा डाग? तो अवरक्त प्रकाशाचा. कॅमेऱ्याभोवतीच्या बारीक एलईडी आपल्याला न दिसणारा प्रकाश फेकतात. ८५० नॅनोमीटरच्या असतील तर अंधारात मंद लाल ठिपके दिसतात, ९४० च्या अजिबात दिसत नाहीत पण पल्ला कमी पडतो. कॅमेरा आपली उघडझाप लांबच्या अंधाऱ्या अंगणावरून ठरवतो. तेवढ्यात कुणी दोन मीटरवर येऊन उभा राहिला की त्याच्या कातडीवर तोच प्रकाश भसकन पडतो आणि चेहरा जळून जातो. त्यात समोर जाळं. कोळ्याला ती जागा आवडते, कारण तिथं एलईडीची ऊब असते. मृगाच्या पहिल्या पावसानंतर वाळवीची पाखरं उठतात त्या रात्री तर चित्रात पांढऱ्या रेघांशिवाय काही नसतं. हालचाल टिपून सूचना पाठवणारी यंत्रणा एका रात्रीत दोनदोनशे सूचना पाठवते. तिसऱ्या दिवशी मालक सूचनाच बंद करतो, आणि नेमकी ती बंद असतानाच कुणीतरी येतं.

उपाय साधा आहे, आणि साधा आहे म्हणूनच कुणी करत नाही. नऊ वॉटचा एक एलईडी बल्ब कॅमेऱ्यापासून दोन-तीन मीटर लांब, पण चेहऱ्याच्या जागेवर उजेड पडेल असा लावायचा. पाखरं बल्बकडं जातात, लेन्स मोकळी राहते. एफ १.० च्या आसपासची उघडी लेन्स (हा आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त आत येतो) आणि १/१.८ इंचाचा मोठा सेन्सर असलेला कॅमेरा एवढ्या उजेडात रात्रभर रंगीत चित्र देतो. शर्ट निळा होता की हिरवा हे कळणं तपासात फार मोठं असतं. आठ मेगापिक्सेलचा लहान सेन्सर यापुढं टिकत नाही. तेवढ्याच जागेत दोन मेगापिक्सेलच्या चौपट पिक्सेल कोंबले की प्रत्येकाच्या वाट्याला उजेड कमी येतो. खरेदीत मेगापिक्सेलआधी सेन्सरचं माप आणि लेन्सचा एफ आकडा विचारावा. तो सांगता न येणाऱ्याकडून कॅमेरा घेऊ नये.

उजेड असला तरी कॅमेऱ्याच्या शटरचा वेग, म्हणजे एक चित्र टिपायला तो किती वेळ घेतो, ते तपासायचं. अंधारात कॅमेरा आपोआप १/२५ सेकंदावर उतरतो, कधी त्याहून खाली. साध्या चालीनं जाणारा माणूस तेवढ्या वेळात पाच सेंटिमीटर पुढं सरकतो, म्हणजे चेहऱ्याचा तिसरा हिस्सा. चित्र थांबवलं की तो पुसल्यासारखा दिसतो तो यामुळं. १/१०० ला बांधून ठेवलं तर सरकणं सव्वा सेंटिमीटरवर येतं. आपली वीज पन्नास हर्ट्झची, म्हणून १/५० किंवा १/१०० च ठेवावं. सेटिंगमध्ये चुकून साठ हर्ट्झ राहिलं तर ट्यूबच्या उजेडात पट्टे फिरत राहतात. घुमटासारख्या काचेच्या डोमपेक्षा डोळ्याच्या आकाराचा, ज्याला टरेट म्हणतात तो कॅमेरा बरा. डोमच्या काचेवर धूळ आणि दव बसलं की अवरक्त प्रकाश आतल्या आत परततो आणि सगळं चित्र दुधाळ होतं.

वर्कशॉपचं दुखणं आणखी वेगळं. वेल्डिंगचा ठिणगा पेटला की कॅमेरा डोळे मिटतो, बाकीचं चित्र काळं पडतं. म्हणून कॅमेरा वेल्डिंगचा आर्क समोर येणार नाही अशा कोनात हवा, आणि शटरकडं तोंड करून असेल तर १२० डेसिबलची खरी डब्ल्यूडीआर (लख्ख उजेड आणि सावली एकाच चित्रात सांभाळण्याची सोय) हवी, नाहीतर दुपारी दारात उभा राहिलेला प्रत्येक माणूस काळी सावली होतो. ग्राइंडिंगची धूळ आणि वार्निशची वाफ मिळून काचेवर चिकट थर बसतो. फडक्यानं रगडलं तर ओरखडे उठतात. आधी पाण्यानं धूळ सोडवावी, मग साबणाचं मऊ फडकं. पंधरा दिवसांतून एकदा, आणि जाळ्यांसाठी दर आठवड्याला कुंच्याचा शेंडा.

आता वायर. इथं मला खरंच वाईट वाटतं. तांबं नुसतं हातात घेऊन ओळखणाऱ्या कारागिराच्या भिंतीवर तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल असते. टोक ब्लेडनं खरवडलं की आतून पांढरी निघते. 'दिवसा चालतो, रात्री बंद पडतो' ही तक्रार बहुतेक वेळा इथली. बारा व्होल्टचा पुरवठा दुकानातून साठ मीटर लांबच्या गोठ्यापर्यंत नेला, तर येऊन-जाऊन तार एकशेवीस मीटर. अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या शुद्ध तांब्यालाही तेवढ्यात साडेचार ओहमच्या आसपास रोध असतो. दिवसा कॅमेरा ०.२ अँपिअर घेतो, एक व्होल्टही गळत नाही. रात्री अवरक्त एलईडी पेटल्या की ०.५ अँपिअर होतात आणि सव्वादोन व्होल्ट वाटेतच जातात. कॅमेऱ्याला दहाच्याही आत मिळतात, तो बंद पडतो, एलईडी विझतात, व्होल्टेज चढतं, तो पुन्हा सुरू होतो. रात्रभर हेच. मिस्त्री कॅमेरा बदलून देतो, दोष तसाच राहतो. पन्नास मीटरपुढं पीओई बरी: एकाच नेटवर्क केबलमधून वीज आणि चित्र, शंभर मीटरपर्यंत, पण केबल अस्सल तांब्याची हवी.

शंभर मीटरपुढं, किंवा दोन इमारतींच्या मध्ये, मी तांबं नेतच नाही. वळवाच्या दिवसांत लांबवर नुसती वीज चमकली तरी उघड्यावरच्या तारेत उसळी येते आणि एनव्हीआरचे (नेटवर्क कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणाऱ्या यंत्राचे) पोर्ट एका ओळीत मरतात. केबलवाले टाकतात तसली फायबर टाकावी, दोन टोकांना तांब्यातला संदेश प्रकाशात आणि परत तांब्यात बदलणारे दोन मीडिया कन्व्हर्टर. काचेतून वीज वाहत नाही. शेतावर बिनतारी जोडणी करणार असाल तर उसाचा विचार आधी करावा. तोडणी झाल्यावर, फेब्रुवारी-मार्चमध्ये बसवलेला पाच गिगाहर्ट्झचा दुवा छान चालतो. भाद्रपदात ऊस डोक्याच्या वर जातो, पावसानं पानं ओली असतात, आणि दुवा तुटत-तुटत बंद पडतो. अँटेना सहा मीटरच्या पाइपावर चढवलेली असेल तरच पुढचा हंगाम निघतो.

जिथं वीज नाही, तिथं सौर पॅनलचा, सिमकार्डचा कॅमेरा घेतात: विहिरीवर, कांदाचाळीवर, सौर पंपाजवळ. तो सारखा जागा नसतो. शरीराच्या उष्णतेचा फरक टिपणारा पीआयआर त्याला उठवतो, आणि उठेपर्यंत एक-दोन सेकंद जातात. पल्ला आठ-दहा मीटरच. समोरून सरळ चालत येणारा त्याला उशिरा कळतो, आडवा जाणारा लवकर. म्हणून तो वाटेकडं तोंड करून न लावता वाट आडवी जाईल असा लावावा. चैत्र-वैशाखात संध्याकाळी हवाच शरीराएवढी तापलेली असते तेव्हा तो जवळजवळ आंधळा होतो, हे विकताना कुणी सांगत नाही. श्रावणात सलग चार-पाच दिवस ढग राहिले की बॅटरी बसते. डेटाही बघावा: दोन एमबीपीएसचं थेट चित्र तासाला नऊशे एमबी खातं, म्हणजे दीड जीबीचा रोजचा पॅक पावणेदोन तासांच्या आत संपतो. थेट बघायला दुय्यम, हलका प्रवाह वापरावा आणि मूळ चित्र कॅमेऱ्यातल्या एन्ड्युरन्स प्रकारच्या, सतत लिहिणं सोसणाऱ्या कार्डावर साठू द्यावं.

विजेचं गणित त्यामानानं सोपं. चार कॅमेरे, एनव्हीआर आणि राउटर मिळून पंचेचाळीस वॉट धरावेत. दीडशे अँपिअर-अवरच्या बॅटरीत अठराशे वॉट-तास असतात. इन्व्हर्टर स्वतः खातो, बॅटरी तळाला न्यायची नसते, म्हणून निम्मे धरले तरी अठरा-वीस तास निघतात. साठवणही किमान तीन आठवड्यांची ठेवावी, कारण गावाकडं चोरी उशिरा कळते. पाणबुडीची केबल गेली हे पुढची पाळी येते तेव्हा, आणि चाळीतली पोती कमी आहेत हे गाडी भरताना. चार मेगापिक्सेलचे चार कॅमेरे एच.२६५ मध्ये (चित्रण दाबून लहान करण्याची पद्धत) दिवसाला सुमारे ८६ जीबी लिहितात. दोन टीबीची डिस्क तीन आठवडे पुरते. ती पाळतीच्या कामासाठी बनवलेली असावी, संगणकातली काढलेली नको. आणि एनव्हीआर गल्ल्याशेजारी टीव्हीखाली ठेवू नये. जाताना तोच नेतात.

कॅमेऱ्याचा पासवर्ड बसवणाऱ्यानं ठेवलेलाच राहतो, आणि तालुक्यातल्या शंभर घरांना तो एकच असतो. ९ एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सायबर सुरक्षेच्या कसोट्या पार करणं देशात सक्तीचं झालं आहे. जुना साठा स्वस्तात मिळतोय म्हणून घेताना हे आठवावं.

घड्याळाकडं तर कुणाचंच लक्ष नसतं. एनव्हीआर इंटरनेटवरून वेळ घेत नसेल, आतली नाण्याएवढी बॅटरी संपली असेल, तर वीज गेल्यावर तारीख कुठल्या कुठं जाते. जालन्यातल्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, तो उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या आधी दाखल झाला की नंतर यावरून, आणि पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या कॅमेऱ्यांचं चित्रण. त्या खटल्यात जुलै २०२० मध्ये न्यायालयानं सांगितलं, की मूळ यंत्रच हजर केलं नाही तर प्रतीसोबत प्रमाणपत्र हवंच. आता भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये त्या प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत, एक यंत्र सांभाळणाऱ्याचा आणि एक तज्ज्ञाचा, आणि त्यात फाइलचं हॅश मूल्य (फाइलवरून गणितानं काढलेला, तिच्या बोटाच्या ठशासारखा आकडा) लिहावं लागतं. व्हॉट्सॲपवर फिरून आलेलं चित्रण दाबून लहान झालेलं असतं, त्याचं हॅश मूळ फाइलशी जुळत नाही. म्हणून चोरी कळली की आधी मूळ फाइल पेनड्राइव्हवर काढावी, एनव्हीआरवरची वेळ आणि मोबाइलची वेळ एकाच फोटोत टिपून ठेवावी. गावातल्या ग्रुपवर टाकणं शक्य तेवढं टाळावं.

हे शेवटचं मी फार कळकळीनं लिहितो. माणसाला कॅमेरा बघतोय याची सवय लागते, पण बघणाऱ्यालाही सवय लागते. पुण्यात नोकरीला असलेली मुलं दुपारी जेवताना गावाकडचं अंगण उघडतात. आई वाळवण घालताना दिसली की घास गोड लागतो. ते खरं आहे, हवंसं आहे. त्याच चौकटीत शेजारणीची न्हाणी येते, तिची धुणं धुण्याची फरशी येते, आणि ती काही बोलत नाही, फक्त एक दिवस साडीचा आडोसा बांधते. तो आडोसा बांधायची वेळ तिच्यावर येऊ नये. सेटिंगमध्ये प्रायव्हसी मास्क असतो. चित्रात नको तो भाग काळ्या चौकोनानं झाकता येतो. झाकून शेजारणीला बोलावून पडद्यावर दाखवावं.

रिवाइंडिंगच्या दुकानात आता चौकटीच्या डाव्या अंगाला, सव्वादोन मीटरवर, ६ च्या लेन्सचा कॅमेरा आहे. पाच मीटरवर शटरसमोरची फरशी, तिथं नऊ वॉटचा बल्ब. कॅमेरा दिवसा बसवून मोकळं व्हायचं नसतं. रात्री कुणालातरी नेहमीच्या चालीनं, डोक्यावर टॉवेल घेऊन चालायला लावायचं, मग चित्र थांबवून बघायचं. त्या रात्री चालून दाखवायला मालकानं टपरीवर यायचं बंद केलेल्या त्या माणसालाच निरोप धाडला. तो आला. कुत्रं धावत त्याच्याकडं गेलं. फाटकापासून शटरपर्यंत तो दोनदा चालला, सांगितलं तसा, टॉवेल घेऊन. चित्र स्वच्छ आलं: गालावरचा व्रण, शर्टाचा विटकरी रंग, पांढरी होत आलेली मिशी. वर मात्र त्यानं एकदाही बघितलं नाही.